शेतमाल का मसाला
सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या शेजारच्या गाळ्यातले हळदीचे अडते कशावर पटकन विश्वास ठेवत नाहीत; हळकुंडसुद्धा मोडून बघतात. त्यांच्या वकील झालेल्या मुलीला करकायद्यात पुढं शिकायचंय. तिनं मोबाईलवर कॉलेजांची क्रमवारी दाखवली. यांनी पहिल्या नंबरापासून एकेका कॉलेजला फोन लावला. "वाळवलेली हळद शेतमाल का मसाला? जीएसटी कसा बसतो?"

कुणी ईमेल करायला सांगितलं, कुणी फोनच ठेवला.

"नाव लय मोठं, पण हळद कळत न्हाई," म्हणत त्यांनी सगळी नापास केली.

काल नागपूरच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी मात्र सगळं नीट समजावून सांगितलं. मुलगी खूश. यांनी बोटांवर सांगली ते नागपूरचे तास मोजले. मग फोनमध्येच हळूच विचारलं, "मॅडम, सांगलीत शाखा न्हाई का तुमची?"