केशरबाईंनी मोडलेला हात

केशरबाईंचा नवरा पोपट मेला तो बैल सोडवायला गेला म्हणून. गावच्या जमिनी सरकार घेत होतं, सगळा गाव रस्त्यावर उतरला होता, आणि पोपटला घोर होता बांधावरच्या बैलाचा. वाटेत गर्दीत सापडला, डोक्यात लाठी बसली, दवाखाना गाठायच्या आत संपला. गावानं त्याला मोर्चाचा म्होरक्या करून टाकलं. चौकात त्याच्या नावाची पाटी लागली. दर वर्षी बाईंना पहिल्या रांगेत बसवतात, नारळ देतात आणि त्यांच्याच नवऱ्याची गोष्ट त्यांना ऐकवतात. बैलाचं कुणी नाव काढत नाही.

शेतं गेली, टॉवर आले. ऐरोलीच्या त्या गावठाणात लोकांनी घरांवर मजले चढवले, आणि यंदा ऐन उन्हाळ्यात ते मजले बेकायदा म्हणून पाडायला पालिकेची माणसं आली.

त्या सकाळी केशरबाई अंगणात वर्षाचा मसाला कुटत होत्या. मसाला मशीनवर दळून आणणं त्यांना पटत नसे. नाक्यावर जेसीबी उभा होता, पोलिसांच्या गाड्या आल्या होत्या. एवढ्यात त्यांचा नातू प्रीतम धावत आला. वय बावीस, अक्कल बेताची. आजीला तो बय म्हणायचा.

"बय, मिरचीचा डबा दे. रणजीतदादानं मागितलाय."

"कशाला? मटन लावलंय का त्यानं?"

"पोलिसांच्या डोल्यांत टाकायला."

"आनि मग ते तुला ओवाळनार हायेत का?"

"आजा घाबरला नव्हता."

"तुझा आजा बैलाच्या मागं गेला व्हता, मेल्या."

"सगला गाव खोटा आनि तू एकटी खरी?"

त्यानं डब्याला हात घातला. बाईंनी हातातलं मुसळ त्याच्या मनगटावर हाणलं. हाड कडकन मोडलं. डबा उपडा झाला, लाल धुरळा दोघांच्या डोळ्यांत गेला, आणि प्रीतम गुरासारखा हंबरला.

"रड," बाई खोकत म्हणाल्या. "रडतोस म्हंजे जिता हायेस."

त्या दिवशी दगड पडले, डोकी फुटली, जेसीबी माघारी गेला. संध्याकाळी गावच्या सभेत पुढारी रणजीतनं प्रीतमचा प्लास्टरचा हात वर धरला. "पोलिसांनी मोडला. आजोबाचं रक्त हाय!"

केशरबाई उठल्या. "हात मी मोडलाय."

लोक हसले, टाळ्या पडल्या. म्हातारी नातवाला केसपासून वाचवतेय, असं सगळ्यांनी धरलं. बाईंनी प्रीतमकडे पाहिलं. त्यानं रणजीतनं पुढे केलेला हार गळ्यात घालून घेतला.

सकाळी जेसीबी परत आला. प्रीतम सगळ्यांच्या पुढे, डाव्या हातात दगड. ते पाहून केशरबाईंनी मुसळ उचललं आणि पदर खोचून निघाल्या. उरलेला हातही मोडायचा होता. पण मागच्यांना काय दिसलं? हुतात्म्याची बायको शस्त्र घेऊन निघाली. आरोळी उठली, सगळा गाव तिच्या मागून सुटला, आणि पहिला दगड तिच्या डोक्यावरून गेला.

लाठ्या उतरल्या. बाई प्रीतमपर्यंत पोचल्या, त्याला मातीत आडवा केला आणि वर पडल्या. एक लाठी खांद्यावर, एक पाठीवर, एक कानशिलावर.

"बय, रक्त येतंय तुला. ऊठ."

"उठनार नाय," त्या म्हणाल्या. "पडून ऱ्हा."