शहाजीचा हूक आणि खंड तीन

शहाजी माथाडीला चौकशांची भारी हौस. पोतं पाठीवर घेता घेता तो ट्रकवाल्याला विचारायचा, हा तांदूळ पिकतो कुठं, तिकडं पाऊस कसा, भात कोण कापतं. बरोबरच्या हमालांच्या टोळीनं त्याचं नावच 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. धान्याचा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला, तसा हा साताऱ्याकडचा गडीही बायकोला, मुक्ताबाईला घेऊन कोपरखैरण्याच्या एका खोलीत राहायला आला.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. एक दिवस पेपरात आलं की सरकार नवा कायदा आणतंय. रस्त्यात कुणापाशी टोकदार लोखंडी हत्यार सापडलं, तर वॉरंटशिवाय अटक आणि जामीन नाही. टोळीतल्या प्रत्येकाचा हात आपसूक कमरेला गेला. पोतं ओढायचा हूक तिथंच खोचलेला असतो. तो लोहाराकडून आपल्या मुठीच्या मापानं करून घेतात, काम सुटलं की बरोबर घरी नेतात आणि दसऱ्याला देवापुढं पुजतात. हूक गोदामात टाकून घरी गेलेला माथाडी अजून कुणी पाहिला नव्हता.

बाकीच्यांची झोप उडाली. शहाजीचीही उडाली, पण त्याला भीतीबरोबर नवलही वाटत होतं. कायदा करतात म्हणजे नेमकं करतात तरी काय, हे त्याला कळेना. शेवटी चारचौघांना घेऊन तो आमदार हौसेरावांकडे गेला.

"अजून ते नुसतं विधेयक आहे," हौसेराव म्हणाले. "सभागृहात एकेक खंड, म्हणजे कलम, घेतात, त्यावर दुरुस्ती सुचवता येते. तुमचं अडतंय ते खंड तीनमध्ये. मला सांगा, हूक वापरता कुठं?"

शहाजीची छाती फुगली. "फकस्त बाजारात, साहेब. भायेर आमी त्याला हातबी लावत न्हाय. आमी काय गुंड हाय का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसासमोर आपण किती सरळ, हे दाखवायची संधी कोण सोडतो? हौसेरावांनी तसंच लिहून घेतलं आणि शहाजीला अधिवेशनाचा पासही दिला.

त्या दिवशी गडी कामावरून थेट विधान भवनात पोचला, तोही हूक कमरेला खोचून. फाटकावरच्या पोलिसानं तो काढून घेतला आणि बिल्ला दिला. गॅलरीत बसून शहाजी डोळे फाडून बघत राहिला. कुणी जांभया देत होतं, कुणी भांडत होतं आणि भांडून झाल्यावर त्याच माणसाला पान देत होतं. एवढ्यात खंड तीन आला. हौसेराव उठले आणि त्यांनी दुरुस्ती वाचली: बाजार आवारात कामासाठी बाळगलेलं अवजार हत्यार समजू नये. मंत्र्यांनी मान्यता दिली.

बाजार आवारात. आवाराचं फाटक ओलांडून घरी निघाला की शहाजी गुन्हेगारच होता, आणि ही करामत त्याच्याच तोंडाची होती. तो धडपडत उठला, तर शेजारच्या शिपायानं खांद्याला धरून खाली बसवलं. गॅलरीत बोलायचं नसतं म्हणे. खाली "होय, होय" झालं आणि दुरुस्ती संमत झाली.

बाहेर त्यानं हौसेरावांना गाठलं. "साहेब, माझं चुकलं. हूक घरी जातो आमचा. रोज जातो."

हौसेरावांनी कपाळाला हात लावला, मग हसले. "तेव्हा का नाही बोललात?"

"चांगलं दिसावं म्हनून."

"बरं. आता ते वरच्या सभागृहात जाईल. तिथं आमच्या पक्षाचाच एक जण दुरुस्ती मांडेल. मग ते परत आमच्याकडे येईल, पुन्हा मताला."

"परत येतंय?" शहाजीचे डोळे चमकले. पाठवलेला माल वजनात चुकला म्हणून माघारी येतो, हे त्याला ठाऊक होतं. कायदाही येतो, हे नवीन होतं.

मधले दिवस वाईट गेले. मुक्ताबाई हूक फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवायची आणि तो घरी येईपर्यंत दारात उभी राहायची. कायदा अजून लागू झालेला नाही, हे त्यानं तिला परोपरीनं सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. खरं तर त्याचाही पुरता नव्हता.

विधेयक माघारी आलं त्या दिवशी शहाजी पुन्हा गॅलरीत होता. खाली वाचलं गेलं: बाजार आवारात, तसेच कामावर जाता-येता. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.

"होय," शहाजी म्हणाला. पोत्याखालून वाट मागताना लावतो तसा आवाज लागला. सगळं सभागृह वर बघायला लागलं.

शिपायानं दंडाला धरून त्याला जिन्यानं खाली आणलं, तेव्हा मागून सभागृहातलं "होय, होय" आणि दुरुस्ती संमत झाल्याचं ऐकू आलं. "अहो, तुम्हाला मत नसतं," तो वैतागून म्हणाला.

"ठाव हाय," शहाजी म्हणाला. "पन हूक माझा हुता."

फाटकावर त्यानं बिल्ला दिला, हूक घेतला आणि पिशवीत न टाकता सदऱ्यावरून, सगळ्यांना दिसेल असा कमरेला खोचला.