शिरपूरहून आलेल्या फणांचा खरा गुन्हेगार

माझ्या सुनेचा कॉम्प्युटर पागल नव्हता. पागल मी होतो. हे मी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि जेवणाआधी लिहितो आहे. (जेवणानंतर माझा निर्धार जरा मऊ पडतो.)

चार वर्षं झाली, मालेगावपासून शिरपूरपर्यंत एकही लग्न, बारसं किंवा तेरवीची पंगत अशी झाली नाही, जिथे पल्लवीच्या कॉम्प्युटरचा किस्सा कोणी सांगितला नाही. लोक पोट धरून हसले. त्यांच्यासोबत मीही हसलो. इतरांचं सोडा, पण मी हसलो हा गुन्हा आहे आणि तो मी आज कबूल करतो. ज्यांना हा किस्सा खरा वाटून घ्यायचा आहे त्यांनी खुशाल घ्यावा. मी त्यांच्या पाया पडायला चाललेलो नाही. पण तो खोटा आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. आम्ही ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रांच्या चौकटी बनवतो. त्या यंत्राला लागणारे फण, म्हणजे जमिनीत घुसणारे लोखंडी दात, बनवतात शिरपूरचे पुंडलिकराव. ते पल्लवीचे वडील, म्हणजे माझे इवाई, पुस्तकी भाषेत व्याही. आणि जोडलेलं यंत्र रंगवतात किन्हीराजाचे रफिकभाई. तीन गावं, तीन वर्कशॉप, आणि तिघांचाही असा समज की काम आपल्यामुळेच चालतं आणि बाकीच्या दोघांमुळे अडतं.

पल्लवी इंजिनिअर. लग्न होऊन आली आणि वर्षभर आमची तऱ्हा बघत राहिली. एक दिवस म्हणाली, "मामाजी, तुमच्या चौकटी तयार असल्या की बाबाचे फण तयार नसतात. फण आले की रफिकचाचाजवळ रंग नसते. तुमी तिघं एकमेकाले सांगत काहून नाही?"

"सांगतो ना. फोन करतो."

"कधी?"

"भांडण झाल्यावर."

मग तिनं एक व्यवस्था उभी केली. प्रत्येक मशीनला साबणाच्या डबीएवढी एक डबी बसवली. मशीन चालू आहे, रिकामं आहे की बंद पडलंय, ते ती डबी कळवणार. आणि प्रत्येक मालकाच्या फोनमध्ये एक एजंट. (एजंट म्हटल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, "कमिशन किती घेते?") हे एजंट माणसं नव्हते, प्रोग्राम होते. माझा एजंट इवायांच्या एजंटला विचारणार, किती फण, कधी देता? तो आपल्या मशीनकडे बघून उत्तर देणार. कुठे मशीन बंद पडलं की तिघं आपसात ठरवून काम फिरवणार. मालकांनी फक्त पहिले पंधरा दिवस प्रत्येक प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. त्यावरून एजंट मालकाची रीत शिकणार आणि पुढे मालकाच्या परवानगीनं एकेक उत्तर स्वतःच देणार.

"एकच लक्षात ठेवजा, मामाजी," पल्लवी म्हणाली. "जे खरं हाय तेच दाबजा. मानपान नका पाहू. त्याले मानपान समजत नाही."

इथेच पोरीचं चुकलं. त्याला मानपान अगदी पटकन समजला!

आता माझी बाजू ऐका. मी मुलाचा बाप. आमच्या घराण्यात पहिल्या हाकेला कोणी पाटावर बसत नाही. दोनदा 'नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की उपकार केल्यासारखं बसायचं. मुलाच्या लग्नात तर जिलबीला मी इतक्या वेळा नको म्हटलं की वाढपी खरोखर पुढे निघून गेला. (ती जिलबी मी अजून विसरलेलो नाही.) अशा माणसाला शिरपूरहून, मुलीच्या बापाकडून, फोनवर प्रश्न येतो: "फण तयार आहेत. पाठवू का?" आणि मी पहिल्या झटक्यात 'हो' दाबू?

मी 'नाही' दाबलं.

"मामाजी, फण पाह्यजेत ना आपल्याले? चौकटी रिकाम्या उभ्या हायेत," पल्लवी म्हणाली.

"पाह्यजेत ना. इचारंल तो पुन्हा."

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'हो'.

तिकडे पुंडलिकराव मुलीचे बाप. त्यांच्या मनात निराळंच. माझं 'नाही' दिसलं की त्यांना वाटायचं, माल कमी पडला म्हणून इवाई रुसले. ते आकडा वाढवून परत विचारायचे. नव्वदचे शंभर, शंभरचे सव्वाशे. "इवायाच्या दारी मोजून माल कसा धाडू?" असं ते रफिकभाईंना म्हणाल्याचं मला नंतर कळलं. म्हणजे पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून त्या दोन गरीब एजंटांना लग्नाच्या पंगतीत बसवलं!

सोळाव्या दिवशी माझ्या फोनवर एक निरोप आला. तो मला अजून तोंडपाठ आहे. "तुम्ही शिरपूरला दोनदा 'नाही' आणि तिसऱ्यांदा 'हो' कळवता. यापुढे तिसऱ्यांदा तुमच्या वतीने 'हो' कळवू का?" खाली दोन बटणं. 'कळवा' आणि 'कळवू नका'.

मला त्या यंत्राचं इतकं कौतुक वाटलं! पोटच्या पोराला जी रीत कळली नाही ती यानं पंधरा दिवसांत ओळखली. मी अंगठ्यानं जोरात 'कळवा' दाबलं आणि चहा मागवला.

त्याच वेळी आमच्याकडे दहा पेरणी यंत्रांची ऑर्डर होती. परिसरातल्या शेतकऱ्यांची एक कंपनी होती, त्यांची. त्यांचे संचालक आणि तालुक्यातले बाकी वर्कशॉपवाले आमच्याकडे येऊन ही व्यवस्था बघणार होते. पटली तर सगळ्यांची वर्कशॉपं तिला जोडायची होती आणि ती चालवायची होती पल्लवीनं. पोरीनं त्यासाठी पुण्याची नोकरी नाकारली होती. हे मला माहीत होतं. म्हणूनच लिहितो आहे.

ते येण्याच्या चार दिवस आधी आमच्या गल्लीची डीपी जळाली. लाईट गेली. वेल्डिंग बंद. चौकटी झाल्या होत्या चार. आता फण ठेवायला जागाही नव्हती, म्हणून शिरपूरचा प्रश्न आल्यावर मी 'नाही' दाबलं. आयुष्यातलं पहिलं खरं 'नाही'! परत प्रश्न आला, आकडा वाढलेला. मी परत 'नाही'. तिसऱ्यांदा काही आलंच नाही. मी म्हटलं, चला, समजले इवाई.

दुपारी टेम्पो आला. दीडशे फण!

"हे कोणी मागवले?" मी ओरडलो.

"तुमीच हो म्हटलं जी," टेम्पोवाला म्हणाला. "इवाईबुवा लय खूश हायेत."

दुसऱ्या दिवशी मी आणखी जोरात 'नाही' दाबलं. (बटण जोरात दाबलं की जास्त 'नाही' होतं अशी माझी समजूत होती.) दुसरा टेम्पो आला. पुंडलिकरावांनी तीन माणसं जादा लावली होती, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे इवाई इतके रुसले होते की आता थांबणं धोक्याचं होतं! तिसऱ्या दिवशी फण वर्कशॉपात मावेनात म्हणून ओसरीवर आले. माझी बायको सुमन तुळशीला पाणी घालायला गेली, तर तुळसच सापडेना.

"एक फोन करा ना इवायाले!" ती म्हणाली. "म्हणा, बस करा!"

"मी कायले करू? पोराचा बाप हाव मी. त्यायनं करावा."

"तुमी पोराचे बापच राहा! मी झोपू कुठी, फणावर?"

पल्लवी तीन दिवस डीपीसाठी वीज कार्यालयाच्या चकरा मारत होती. तिला वाटलं, फण बाबांनीच उत्साहात पाठवले. तोवर मला माझं 'कळवा' आठवलं होतं, पण मी तिला काही सांगितलं नाही. बापाच्या चुकीवर पोरीनं विश्वास ठेवला तर सासऱ्यानं मध्ये कशाला पडावं?

मग ते पाहुणे आले. खुर्च्या मांडायला जागा नव्हती म्हणून संचालक मंडळी फणांच्या ढिगावर सतरंजी टाकून बसली. तेवढ्यात रफिकभाई किन्हीराजाहून गाडीवर आले. शिरपूरचा एक टेम्पो थेट त्यांच्याकडेही गेला होता.

"भाईसाब, चारशे फण रंगवले मी. लाल. टोकालेही लावला," ते म्हणाले. "आता यंत्र कुठी हाय ते दाखवा, थे बी रंगवतो."

"यंत्र चारच हायेत," मी म्हटलं.

"अन् फण?"

उत्तरावर सगळे बसलेच होते. आधी एक जण हसला, मग दुसरा, मग ढीगच हलायला लागला. एक संचालक म्हणाले, "बाई, तुमचा कॉम्प्युटर पागल झाला. याले गाय म्हटलं की हा कळप धाडते!"

आणि मी? मी मोठ्यानं म्हणालो, "मी पहिलेच सांगत होतो. मशीनीवर भरवसा नाही ठेवाचा."

शिरपूरहून पुंडलिकरावांचा फोन आला तो पोरीवर ओरडायला. "नाक कापलं माह्यं इवायासमोर!" संध्याकाळी ती पेचकस घेऊन वेल्डिंग मशीनची डबी काढत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "मामाजी, तुमी तर खरंच दाबलं होतं ना?"

"म्हंजे काय! माह्यावर भरवसा नाही तुले?"

"हाय," ती म्हणाली, आणि डबी पिशवीत टाकली.

तेव्हापासून ती रोज बसनं वाशीमला जाऊ लागली. एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवू लागली. इंजिनिअर बाई! आणि मी चार वर्षं पंगतीत हसलो.

यंदा मालेगावात वर्कशॉपवाल्यांची बैठक झाली. मोठी ऑर्डर आली होती. एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. सगळ्यांनी मिळून केली तरच होणार होती. एकानं पल्लवीच्या व्यवस्थेचं नाव काढलं. अध्यक्ष म्हणाले, "ते नको बाप्पा! मंग बसाले फणच भेटतीन!" हॉल हसला. मागच्या रांगेत पल्लवी बसली होती. ती मात्र हसली नाही. आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

मी उठलो. गुडघा दुखतो, म्हणून दोन वेळा उठावं लागलं. आणि सांगितलं. जिलबीपासून टेम्पोपर्यंत सगळं! "कॉम्प्युटर पागल नव्हता, मी होतो. ज्याले हासाचं त्यानं माह्यावर हासा. तिच्यावर हासाल तर याद राखा!"

मग अध्यक्षांनी डोळे पुसले.

"असा सासरा भेटला पाह्यजे! सुनेचा दोष सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यले!"

टाळ्या! मी ओरडलो, "अहो, 'कळवा' मीच दाबलं होतं!" टाळ्या आणखी वाढल्या. कोणी तरी शाल आणायला धावलं. मी म्हटलं, शाल नको, मी गुन्हेगार हाव! "काय तो मोठेपणा!" म्हणून त्यांनी ती माझ्या खांद्यावर कोंबली. आयुष्यभर खोट्या 'नको'ला मान मिळवला, आणि खऱ्या कबुलीला शाल!

तेव्हा पल्लवी पुढे आली. लॅपटॉप उघडला, भिंतीवर चित्र टाकलं. तारीख, वेळ, माझं नाव, निरोप, आणि समोर माझं उत्तर: 'कळवा'. खाली तीन दिवसांची 'नाही'. एकेक.

"मामाजी खरं बोलून राह्यले," ती म्हणाली. "कॉम्प्युटरनं तेच केलं जे त्याले शिकोलं होतं."

माझ्या बाजूनं साक्ष द्यायला त्या भरल्या हॉलमध्ये एकच जण निघाला, आणि तो म्हणजे ज्याला मी पागल ठरवलं होतं तोच कॉम्प्युटर! शाल काढून घेतली गेली. (मला वाटलं, तेवढी तरी राहू देतील.) आणि ऑर्डरचं काम पल्लवीच्या व्यवस्थेवर चालवायचं, असं त्याच बैठकीत ठरलं.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. ती फाईल तिला शोधावी लागली नव्हती. फाईलचं नावच 'मामाजी' होतं.

घरी येताना मी विचारलं, "तुले माहीत होतं त बोलली काहून नाही?"

"तुमी बोलाची वाट पाहून राह्यली होती."

"चार वर्षं?"

"मले वाटलं होतं आठ दिवस लागतीन."

मी तिची माफी मागितली. रस्त्यात, बसस्टँडसमोर, लोकांदेखत. तिची एकटीची. बाकी कोणाला काही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्याकडे यावं. चहा मिळेल, माफी मिळणार नाही.

आता बावीस वर्कशॉपं जोडली गेली आहेत. सगळ्या मालकांच्या फोनवर 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं आहेत. माझ्या फोनवर पल्लवीनं एकच ठेवलं आहे: 'पल्लवीला विचारा'. हा माझा धडधडीत अपमान आहे, आणि त्याविरुद्ध मी रोज सकाळी जाहीर निषेध नोंदवतो. तो नोंदवण्यासाठीही तेच बटण दाबावं लागतं.