सटव्याचं लाल खापर

सटवा कुंभाराचं नाव काढू नका माझ्यापुढं. काढलंच हाय तर मंग सगळं ऐका, कारण पालीत त्याच्याबद्दल वाकडं बोलणारी मी एकटीच उरले. बाकी सगळ्यांच्या घरात त्याचंच मडकं हाय ना.

मी बायनाबाई, त्रिंबक कुंभाराची बायको. निजामाचं राज होतं तवा पालीची साठ घरं आमची होती. म्हंजी मडकं घ्यायचं ते आमच्याच दारातून, आन सुगीला आमी त्यांच्या खळ्यावर जाऊन जवारीचं बलुतं आणायचं. आजेसासऱ्यापासून हेच. बाई दारात आली की आमचे मालक हाताला येईल ते मडकं द्यायचे. "वाजवून बघू का?" म्हणली तर खेकसायचे, "कावून? दुसरा कुंभार बघितलाय का?" आन खरंच, दुसरा होताच कुठं?

मंग हा मुडदा कडा गावाहून आला. संगं बायको, एक गाढव आन चाक. पाटलानं बजावलं, गावात इकायचं न्हाई, हक त्रिंबकचा हाय. सटवा "जी" म्हणला आन शिवेच्या भायेर, नदीच्या पाणवाटेवर पाल ठोकून बसला. बाया दिसातून दोनदा तिथूनच जातात. लई धूर्त!

महिनाभर त्याचं एक मडकं गेलं न्हाई. मी रोज बघून यायची आन खुश व्हायची. पर तो हाका मारत न्हवता. येईल तिला इचारायचा, "आक्का, तुमची घागर कमरंला कुठं रुतती?" बाया आदी लाजायच्या, मंग सांगायच्या, पोट जरा चपटं कर, काठ जाड कर. चार दिसांनी तसलीच घागर पुढं ठेवायचा. "न्या. पाणी भरा. पाझरली तर आणून माझ्यापुढं आपटा." दुसऱ्याच्या बायांची कंबर इचारतो, शरम न्हाई मेल्याला!

पहिली फितली ती रुक्मिणीबाई. तिला आमी दिलेले तिन्ही रांजण पाझरले, आन ती चवथा मागायला आली तर मालक म्हणले, तुझ्या घरचं पाणीच वाईट हाय. ती सटव्याची घागर पदराखाली झाकून घरी घेऊन गेली. मंग तिची जाऊ गेली. मंग शेजारीण.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साठ घरं गेली तर आमी खायचं काय? नारायणगडाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी सगळ्या बाया पाण्याला आल्या असताना मी काठी घेऊन गेले. "तोंड काळं कर आमच्या शिवेवरून!" म्हणत फोडत सुटले. घागरी, गाडगी, रांजण, काय सोडलं न्हाई. त्याची बायको रडायला लागली. त्यानं तिला हाताला धरून बाजूला घेतलं, माझी काठी मातर आडवली न्हाई.

दमून थांबले तवा बघते तर बाया खाली वाकलेल्या. रुक्मिणीबाईनं एक खापर उचललं, बोटानं पुसलं. "अगं बया, फुटलेल्या कडंला बी लालच की!" मंग कडूबाईनं आपल्या डोक्यावरची घागर उतरवली, आमच्या घरची, आन तिथंच दगडावर आपटली. भायेरून लाल, आन खापराच्या मधोमध काळा पट्टा. अर्धवट भाजलेली. सगळ्याजणींनी आदी त्या खापराकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

मला माहीत होतं की! गोवऱ्या वाचवायला मालक मडकी भाजायचा आवा लवकर उघडायचे. मी एकदा म्हणले होते, भाजू द्या अजून. तर म्हणले, बांधलेलं गिऱ्हाईक जातंय कुठं? मी गप बसले. त्या गप बसण्याचा मला आजबी राग येतो, सटव्यापेक्षा जास्त.

सुगीला मालक खळ्यावर गेले. अकरा जणांनी सूप भरलं. बाकीचे "तात्या, औंदा न्हाई" म्हणून पाठ फिरवून उभे राहिले, पाटील बी. हक सांगणारा पाटील! मालकांनी चाक गोठ्यात टाकलं आन लोकाच्या शेतात राबायला गेले. पुन्हा मातीला हात लावला न्हाई. तसेच मेले.

सटवा दरसाल पहिल्या आव्यातलं पहिलं मडकं माझ्या दारात आणतो. पहिल्यांदा आला तवा मी म्हणले, "कावून रे, डिवचायला आलास?" मान खाली घालून म्हणला, "न्हाई वैनी. माझं मडकं आतून कसं हाय ते मी वर्षभर सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. तुमी एका दिसात दाखवलं."

मी ते मडकं त्याच्यासमोरच उंबऱ्यावर आपटलं. दरसाल तो आणतो, दरसाल मी आपटते, आन खाली बसून खापर उजेडाला धरून बघते. यंदाबी लालच निघालं. मेल्याचं एकदा, नुसतं एकदाच काळं निघू दे, मंग मी सुखानं डोळे मिटीन.