म्हैस विकणे आहे

मला दिसेनासं झालं, म्हणून मी गाडीचे बल्ब बदलले.

पिवळे हॅलोजन काढून ऑनलाइन मागवलेले पांढरेशुभ्र एलईडी घरीच बसवले. समोरून येणारे दुचाकीवाले डोळ्यांवर हात धरून शिव्या देऊ लागले. मला मात्र रस्ता पूर्वीइतकाच धूसर. शेवटी दिवेलागणीला परभणीतल्या एका मेकॅनिककडे गेलो.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. मान तिरकी, एक डोळा कायम बारीक. माझे जुने बल्ब मी खिशात किल्ल्यांसोबत वागवत होतो. त्यानं ते रुमालात धरले, काचेला बोट न लावता पुसले आणि परत बसवले. मग समोरच्या भिंतीवर उजेड पाडून खडूच्या रेघेशी जुळवला.

"लाइट बराबर हाय काका. भिंतीवर काय लिवलंय, वाचा बरं."

मला लाल फराटे दिसत होते. अंदाजानं ठोकून दिलं, "येथे गाडी लावू नये."

"म्हैस विकणे आहे," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही. मग मला बोलावंच लागलं. डोळ्यांचा पडदा वाळत चाललाय, डॉक्टरांनी हात टेकलेत. बायकोला पूर्णेहून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आणतो, चालवणारं दुसरं कुणी नाही. आत्ताही ती दवाखान्यात वाट बघतेय.

"याहून जास्त उजेडाचा बल्ब असेल तर बघा की."

त्यानं बॉनेट अलगद लावलं. गाडीची किल्ली मात्र स्वतःच्या मुठीतच ठेवली.

"तुमाला मरायचं तर मरा काका. काकूला कशाला संगं न्यायलाव?"