फळ्यावरचे दोन रकाने

शिक्षक मित्रांनो, दुपारपासून कशात मन लागत नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

सालेकसाकडच्या आमच्या शाळेत आज सातवीला नागरिकशास्त्राचा तास होता. फळ्यावर दोन रकाने आखले, श्रद्धा आणि अंधश्रद्धा. पोरं घरच्या चालीरीती सांगतील, वर्ग ठरवेल, मी लिहीन.

गणपती श्रद्धेत गेला, तुळसही गेली. मग एका गोंड घरची मुलगी उठली. "आमचा बडादेव साजाच्या झाडात रायते. त्याले वाहिल्याशिवाय आमी नवीन मोहफूल तोंडात टाकत नाही."

वर्ग हसला. "अंधश्रद्धा," पोरं म्हणाली. मी लिहून टाकलं.

तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली. "सर, तुळशीचं झाड तिकडं, मंग आमचं झाड इकडं कायले?"

मी फळा पुसला. पण तोवर सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं.

तिनंही. सुंदर अक्षरात, खाली पट्टीनं रेघ मारून.

उद्या त्या वह्या माझ्याकडे तपासायला येतील. तिच्या वहीत मी काय लिहू, सांगता काय कोणी?