सातव्या अमिरातीच्या वाटेवरचे दोनशे मीटर

यूएईच्या सातही अमिराती सायकलवर, एकट्यानं, एका दमात करायच्या असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या अजमानच्या घरात कुणालाच धक्का बसला नाही. बायको, सुनीता, एवढंच म्हणाली, "अहो, हिवाळ्यात तरी जा." म्हणून जानेवारी. नियम माझाच: अबू धाबीपासून फुजैराच्या समुद्रापर्यंत चाकाखालचा रस्ता कुठंही तुटता कामा नये. लिफ्ट नाही, बस नाही.

सायकलचं काम मी कुठल्या क्लासात शिकलेलो नाही. चाकाची आऊट काढण्यापासून गिअर बसवण्यापर्यंत सगळं स्वतः बिघडवून स्वतःच दुरुस्त करत शिकलो. त्यामुळे सामानही तोलून-मापून घेतलं. पाणी सहा लिटर. मडगार्ड मात्र काढून ठेवले. इथं पाऊस कुठला पडतोय, उगाच वजन!

सहा अमिराती ठरल्याप्रमाणे झाल्या. (जाणाऱ्यांसाठी: मोठ्या हायवेवर सायकलला मनाई आहे. आतले रस्ते आदल्या रात्री नकाशावर नीट बघून ठेवा, ऐनवेळी शोधत बसू नका.) शेवटच्या सकाळी धैदहून निघालो. डोंगर जवळ आले तसे ढग उतरले आणि मसाफीच्या अलीकडे आभाळच फाटलं. मागच्या चाकानं मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा काढला. टपरीवर करक चहा घेतला, दोन दिरहम, म्हणजे आपले पन्नासेक रुपये. टपरीवाल्यानं कचऱ्याची काळी पिशवी फुकट दिली. तिला तीन भोकं पाडून मी रेनकोट केला. बाह्या जमल्या नाहीत, पण गळ्याचं माप अचूक आलं.

आणि मग गाड्याच गाड्या! पाऊस आला की इथं कुणी आडोशाला थांबत नाही. गाडी काढतात आणि पावसाच्या दिशेनं सुटतात. काचा खाली, पोरं खिडकीतून अर्धी बाहेर, हॉर्न, आरडाओरडा. प्रत्येक गाडी मला बघून हात हलवत होती. मी दोन्ही हात सोडून उत्तर दिलं. या वयात करू नये, पण केलं.

मसाफीच्या पुढे आतल्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलं. समोर वादी, म्हणजे डोंगरातून येणारा एरवी कोरडाठाक ओढा, रस्त्यावरून तांबडा होऊन वाहत होता.

"आयला!" मी मोठ्यानं म्हणालो.

शेजारच्या गाडीची काच खाली आली. "काका, मराठी का?" दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं कुटुंब होतं, ऑफिसला दांडी मारून पाऊस बघायला आलेलं. त्यांनी मला बटाटेवडे दिले. मी त्यांना पाणी दिलं, ते माझ्याकडे भरपूर होतं.

दुपार कलल्यावर ओहोळ घोटाभर उरला. पोलीस म्हणाला, मोठ्या गाड्या एकेक करून सोडतो, सायकल नाही. अंधार पडायच्या आत रस्ता पुन्हा बंद. पलीकडे जायचं तर गाडीत बसून, नाहीतर मागे फिरा. जेमतेम दोनशे मीटर. पलीकडून समुद्रापर्यंत जवळजवळ सगळा उतार.

सालेम नावाचे पांढऱ्या दाढीचे अमिराती आजोबा पिकअप घेऊन उभे होते. "आजा, सदीक, नो मुश्किल."

मी त्यांना माझा नियम समजावला. आमच्याभोवती कोर्टच भरलं.

"बट अंकल, नोबडी विल नो!" मराठी कुटुंबातली मुलगी.

"अगं, काकांना कळेल ना," तिचा बाबा.

सालेमनी दाढी खाजवली. "तुम साइकिल पे बैठो, साइकिल पिकअप में. खलास, तुम साइकिल पे!"

"ला, ला, ला!" म्हणजे नाही, नाही, नाही, असं पोलीस ओरडला, पण हसू त्यालाही आवरेना.

शेवटी सायकल मागे आडवी बांधली आणि मी पुढं बसलो. पुढचं चाक मात्र काढून मांडीवर घेतलं आणि अख्खी वादी पार होईपर्यंत हातानं गरगर फिरवत राहिलो. चिखल सालेमच्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ कंदुऱ्यावर उडाला. त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "यल्ला, यल्ला! फास्ट!"

दिवस बुडता बुडता फुजैराच्या वाळूत चाक टेकवलं. सुनीताचा फोन आला. "झालं?"

"झालं. दोनशे मीटर सोडून."

"म्हणजे नाही झालं," ती म्हणाली. तीस वर्षं संसार केलाय, ती मला ओळखते.

पुढच्या शनिवारी सायकल गाडीवर टाकून आम्ही दोघं गेलो. वादी ठणठणीत कोरडी. दगडगोटे, धूळ, दोन बकऱ्या. सुनीता पलीकडे उभी राहिली आणि मी निघालो. मिनिटसुद्धा लागलं नाही. "आता खूश?" खूश होतो, खोटं का बोलू? आता रेघ अखंड आहे, कुणीही नकाशा काढून तपासावी.

तेव्हापासून डोंगरावर ढग दिसला की सालेमचा व्हॉइस मेसेज येतो: "बारिश आता है, साइकिल लाओ!" काल पुन्हा आला. आज चेनला तेल घालत बसलोय.

"आता कुठला तुकडा राहिलाय?" सुनीतानं विचारलं.

एकही नाही. नुसतं जायचंय.